क्राउन-पिनियनची जुळणी : मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब

मालवाहू ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा फुगीर पोलादी भाग दिसतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. इंजिन, ब्रेक आणि टायर यांच्याविषयी गाडीमालक भरभरून बोलतात. या भागाची आठवण मात्र तेथून घरघर ऐकू येऊ लागली, किंवा गाडी भर रस्त्यात उभी राहिली, म्हणजेच होते. वास्तविक इंजिनाने निर्माण केलेली सगळी शक्ती चाकापर्यंत पोहोचण्यापूर्वी याच भोपळ्यातील दोन गिअरांच्या दातांमधून जाते. या गिअरांची जोडी, म्हणजे ‘क्राउन-पिनियन’, झिजल्यावर नवी बसवावी लागते. हे काम ट्रकच्या दुरुस्तीतील सर्वांत नाजूक कामांपैकी एक आहे. नव्या जोडीचे आयुष्य तिच्या किमतीपेक्षा तिच्या जुळणीवर अधिक अवलंबून असते आणि ती जुळणी मोजमापाने करावी लागते, हे या लेखात सांगायचे आहे.

डिफरन्शिअल कशासाठी?

गाडी वळणावर असते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही बाजूंच्या चाकांत १.८ मीटर अंतर असलेला ट्रक काटकोनात वळला, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.८ मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर घट्ट बसवली, तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासत जावे लागेल. ही अडचण दूर करणाऱ्या गिअरांच्या रचनेचे श्रेय फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांना दिले जाते. १८२७-२८ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी त्यांनी ही रचना मांडली. आजच्या ट्रकमध्येही मूळ तत्त्व तेच आहे.

मागच्या अ‍ॅक्सलमधील गिअर दोन कामे करतात. पहिले काम क्राउन-पिनियनचे. प्रोपेलर शाफ्टकडून आलेली फिरकी पिनियन हा लहान गिअर घेतो आणि क्राउन या मोठ्या, ताटासारख्या गिअरला देतो. त्यामुळे फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि जोर वाढतो. दुसरे काम क्राउनला जोडलेल्या पेटीतील लहान गिअरांचे. ती फिरकी डाव्या-उजव्या शाफ्टमध्ये वाटून देणे आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे, हे ते काम. बोलीभाषेत या सगळ्यालाच ‘डिफरन्शिअल’ म्हटले जात असले, तरी बिघाड शोधताना दोन्ही कामे वेगळी ओळखावी लागतात.

दातांवर किती भार येतो?

पिनियनला ६ आणि क्राउनला ४१ दात असतील, तर ४१ भागिले ६, म्हणजे ६.८३ हे त्या जोडीचे प्रमाण होते. इंजिनाचा जोर ४०० न्यूटन-मीटर आहे आणि गिअरबॉक्समधील पहिला गिअर त्याची ७ पट वाढ करतो, असे उदाहरणादाखल धरू. मग प्रोपेलर शाफ्टवर २,८०० आणि क्राउनवर सुमारे १९,१०० न्यूटन-मीटर जोर येतो. क्राउनचा व्यास ४०० मिलिमीटर धरला, तर दातांच्या भेटीच्या जागी पडणारा रेटा सुमारे पावणेदहा टनांइतका होतो. भरलेली गाडी चढावर जागेवरून हलते त्या क्षणी हा भार एका वेळी जेमतेम दोन-तीन दात उचलत असतात.

तो पेलता यावा म्हणून हे गिअर मिश्रधातूच्या पोलादाचे घडवलेले असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कार्बन मुरवून साधारण एक-दीड मिलिमीटर जाडीचा अतिशय कठीण थर तयार केलेला असतो. आतला गाभा चिवट ठेवलेला असतो, त्यामुळे धक्का बसला तरी दात काचेसारखा तडकत नाही. दात सरळ नसून कमानीसारखे वळलेले असतात. बहुतेक आधुनिक अ‍ॅक्सलांत पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यरेषेपासून थोडी सरकवलेली असते. या पद्धतीला ‘हायपॉइड’ म्हणतात. अमेरिकेतील ग्लीसन या कंपनीने हे दात कापण्याचे तंत्र विकसित केले आणि १९२६ साली पॅकार्ड मोटारींत ते वापरात आले. या रचनेमुळे पिनियन जाड करता येतो आणि एका वेळी अधिक दात भार घेतात. मात्र दात एकमेकांवर लोळण्याबरोबरच लांबीच्या दिशेने घसरतातही. म्हणूनच या गिअरांना साधे तेल चालत नाही. प्रचंड दाबाखालीही टिकणारी रसायने मिसळलेले तेल लागते.

भारतात जड वाहनांच्या अ‍ॅक्सलांची निर्मिती अनेक दशके होत आहे. पुण्याचा कल्याणी उद्योगसमूह आणि पुढे मेरिटॉर या नावाने ओळखली गेलेली अमेरिकन कंपनी यांच्या भागीदारीतून १९८१ साली म्हैसूर येथे स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स’ हे त्याचे परिचित उदाहरण. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी अ‍ॅक्सलवरील वजनाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन आणि दोन अ‍ॅक्सलांच्या ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन केली. अ‍ॅक्सलवर कायदेशीरपणे टाकता येणारा भार असा वाढला आहे. त्यामुळे जुळणीतील ढिलाईला उरलेली जागा कमी झाली आहे.

आधी आजाराचे निदान

नवी जोडी विकत आणण्यापूर्वी जुनी का गेली, हे समजून घेतले पाहिजे. कारण तसेच राहिले, तर नवी जोडीही त्याच वाटेने जाते.

आवाजावरून बरेच कळते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक, लांबट सूर येत असेल, तर दातांच्या ओढणाऱ्या बाजूकडे संशय जातो. पाय काढल्यावर येत असेल, तर विरुद्ध बाजूकडे. दोन्ही वेळी सारखीच घरघर असेल, तर बेअरिंग तपासावे. आवाज फक्त वळणावर येत असेल, तर दोष बहुधा पेटीतील लहान गिअरांत असतो, क्राउन-पिनियनमध्ये नव्हे. क्लच सोडताच ‘ठक’ असा ठोका पडत असेल, तर कुठेतरी मोकळीक वाढली आहे. ती प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्येही असू शकते. तेवढ्यासाठी अ‍ॅक्सल उघडण्याचे कारण नाही.

काढलेले तेल हा दुसरा पुरावा. तेलाच्या बुचाच्या चुंबकावर बारीक, मऊ काजळीसारखा थर असणे स्वाभाविक आहे. चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे दिसले, तर दातांचा कठीण थर सुटू लागला आहे. तेल कमी निघाले, तर ते कोठून गेले ते पाहावे. पुष्कळदा मूळ दोषी असतो तो हौसिंगवरचा हवेचा लहानसा नळ. तो चिखलाने बंद झाला, की गरम झालेल्या हवेचा दाब आत वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकलले जाते. काही रुपयांच्या या नळाची सफाई न झाल्याने हजारो रुपयांची जोडी कोरडी पडून जळते.

उघडताना घ्यायच्या नोंदी

जड ट्रकचे शाफ्ट बहुधा ‘फुल फ्लोटिंग’ पद्धतीचे असतात. गाडीचे वजन हौसिंग आणि चाकाचा हब पेलतात. शाफ्ट केवळ फिरकी पोहोचवतो. त्यामुळे चाके न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतात आणि प्रोपेलर शाफ्ट सोडवल्यावर संपूर्ण डिफरन्शिअल हौसिंगमधून बाहेर घेता येते. त्याचे वजन शंभर किलोच्या पुढे असू शकते. पुढची-मागची चाके अडवलेली असणे, गाडीखाली पक्का आधार असणे आणि डिफरन्शिअल उतरवायला योग्य जॅक असणे या तीन गोष्टींत तडजोड करू नये. शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये असली, तरी चाके मोकळी असतात, याचा विसर पडून अपघात होतात.

सुट्टे करण्यापूर्वी जुन्या जोडीची मोकळीक मोजून लिहून ठेवावी. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या टोप्यांवर खुणा कराव्यात. या टोप्या मूळ कारखान्यात आपापल्या जागी बसवूनच आतून कातलेल्या असतात. डावी-उजवी अदलाबदल झाली, तर बेअरिंगची बैठक गोल राहत नाही. पिनियनखालून निघालेले शिम, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पोलादी चकत्या, फेकून देऊ नयेत. त्यांची एकूण जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहावी. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यापासून सुरू होतो.

नवी जोडी हातात आल्यावर क्राउनवर आणि पिनियनवर कोरलेला जोडीक्रमांक एकच आहे ना, हे पाहावे. कारखान्यात हे दोन गिअर एकमेकांवर फिरवून घासलेले असतात. त्यांचे दात एकमेकांसाठीच घडलेले असतात. एका जोडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन घेऊन, किंवा फक्त पिनियन बदलून, पैसे वाचत नाहीत. बेअरिंग आणि सीलही याच वेळी नवी घालावीत. दातांची संख्याही पडताळावी. ६-३७ च्या जागी ६-४१ बसवला, तर प्रमाण ६.१७ वरून ६.८३ होते. गाडी चढाला जोरकस वाटते. परंतु त्याच वेगाला इंजिन जवळपास ११ टक्के जास्त फिरते. वेगमापक गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि ८० किलोमीटरवर बांधलेला वेगनियंत्रक गाडीला ७२ च्या आसपासच अडवतो. मागे दोन चालते अ‍ॅक्सल असतील, तर दोन्हींचे प्रमाण एकच असणे अनिवार्य आहे.

क्राउन पेटीवर चढवणे

क्राउन पेटीवर घट्ट बसणारा असतो. तो थंड असताना बोल्टने ओढून किंवा हातोड्याने ठोकून बसवला, तर एका बाजूला कचरा किंवा पोलादाचा पापुद्रा अडकून तो किंचित तिरपा राहतो. गॅसच्या ज्योतीने तापवला, तर दातांचा कठीण थर मऊ पडतो. योग्य रीत साधी आहे. क्राउन सुमारे ७० ते ८० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. तो फुगतो आणि हाताच्या दाबाने जागेवर बसतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या जोरापर्यंत आवळावेत. नंतर डायल गेज क्राउनच्या पाठीवर टेकवून तो एक फेरा फिरवावा. अनेक जड अ‍ॅक्सलांना ०.२० मिलिमीटरपर्यंतचा डोल चालतो. त्याहून अधिक असेल, तर क्राउन उतरवून बैठक पुन्हा साफ करावी. तिरप्या क्राउनवर पुढचे कोणतेही माप खरे येत नाही.

पहिले माप : पिनियनची खोली

पिनियन क्राउनच्या केंद्राकडे किती आत शिरलेला असावा, हे जुळणीतील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे माप. प्रत्येक पिनियन कापताना आदर्श मापापासून किंचित फरक पडतो. तो कारखाना पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्हासह कोरतो. हा आकडा वाचून शिमची जाडी बदलायची असते.

एक उदाहरण घेऊ. पिनियनच्या बेअरिंगचे घर आणि मुख्य हौसिंग यांच्यामध्ये शिम बसणारी रचना आहे. जुन्या शिमची एकूण जाडी ०.८० मिलिमीटर आणि जुन्या पिनियनवर +०.०५ हा आकडा आहे. अधिक चिन्ह असल्याने तो वजा केला, की ०.७५ ही मूळ जाडी मिळते. नव्या पिनियनवर -०.०८ असेल, तर नवी जाडी ०.६७ मिलिमीटर ठेवावी लागते. चिन्ह उलट वाचले, तर शिम ०.८३ चे होतील आणि पिनियन ०.१६ मिलिमीटर चुकीच्या जागी बसेल. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, दातांना मात्र जाणवतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही अ‍ॅक्सलांत शिम पिनियनच्या डोक्यामागे, बेअरिंगखाली असतात. तेथे शिम वाढवल्यावर पिनियन क्राउनच्या जवळ जातो; वर सांगितलेल्या रचनेत तो दूर जातो. म्हणजे बेरीज-वजाबाकीचा नियमच उलटतो. एका कंपनीच्या गाडीवर पाठ झालेली रीत दुसऱ्या कंपनीच्या गाडीला लावताना हमखास घोटाळा होतो, तो इथेच. आपल्या अ‍ॅक्सलमध्ये शिम कोठे आहेत, हे आधी पाहूनच गणित मांडावे.

दुसरे माप : पिनियनच्या बेअरिंगवरील ताण

पिनियन शंकूच्या आकाराच्या दोन रोलर बेअरिंगांवर फिरतो. ती सैल असली, तर भार येताच पिनियन मागेपुढे सरकतो आणि खोलीचे काटेकोर माप वाया जाते. फार घट्ट असली, तर तापून निळी पडतात. म्हणून त्यांना ठरावीक आगाऊ ताण दिला जातो. कारागीर त्याला ‘प्रीलोड’ म्हणतात. तो मोजायला महागडे यंत्र लागत नाही. पिनियनच्या बेअरिंगच्या घराभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने सावकाश ओढायची. घर फिरत असताना काट्यावर अडीच किलो दिसले आणि दोरीची मध्यापासूनची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल, तर प्रीलोड सुमारे २ न्यूटन-मीटर झाला. नव्या बेअरिंगांसाठी जड अ‍ॅक्सलांच्या पुस्तिकांत साधारण ०.५ ते ५ न्यूटन-मीटर या दरम्यानचे आकडे आढळतात. हलवायला लागलेला पहिला झटका मोजायचा नसतो, फिरत असतानाचे वाचन घ्यायचे असते.

माप कमी-जास्त निघाले, तर दोन बेअरिंगांमधील पोलादी कडे बदलावे लागते. पातळ कड्याने ताण वाढतो, जाड कड्याने कमी होतो. पुढचा नट कमी-अधिक आवळून ताण ‘जमवणे’ ही या रचनेतील गंभीर चूक आहे. नट त्याच्या पूर्ण जोरानेच आवळला गेला पाहिजे, अन्यथा तो काही महिन्यांत सैल होतो.

तिसरे आणि चौथे माप : बाजूची बेअरिंग आणि दातांतील मोकळीक

क्राउनसह पेटी जागेवर ठेवून टोप्या बसवल्या, की दोन्ही बाजूंच्या आटे असलेल्या मोठ्या नटांनी क्राउन डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो. प्रथम दोन्ही नट आवळून बाजूच्या बेअरिंगांतील हालचाल शून्यावर आणायची आणि मग प्रत्येक नट एकेक खाच पुढे घेऊन ताण द्यायचा. त्यानंतर मोकळीक मोजायची. तिला ‘बॅकलॅश’ म्हणतात. पिनियन घट्ट धरून डायल गेजची टोकदार सुई क्राउनच्या दाताला काटकोनात लावावी आणि क्राउन पुढेमागे हलवावा. मध्यम आकाराच्या जड अ‍ॅक्सलांत ०.२० ते ०.४६ मिलिमीटर ही मर्यादा सर्रास दिलेली असते आणि नवी जोडी ०.३० च्या आसपास ठेवण्याचा सल्ला असतो. एकाच दाताचे माप पुरेसे नाही. क्राउनच्या परिघावर किमान चार ठिकाणी पाहावे.

मोकळीक कमी पडली, तर गरम होऊन फुगलेल्या दातांमध्ये तेलाच्या थराला जागा उरत नाही. जास्त झाली, तर प्रत्येक वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर दात एकमेकांवर हातोड्यासारखे आदळतात. ती बदलायची असेल, तर एक नट जितक्या खाचा सैल करायचा, तितक्याच खाचा दुसरा आवळायचा. म्हणजे क्राउन सरकतो, पण बेअरिंगवरील ताण होता तसाच राहतो.

दातांची साक्ष

चारही मापे जुळली तरी काम संपत नाही. शेवटचा पुरावा दातांकडूनच घ्यावा लागतो. क्राउनच्या दहा-बारा दातांवर तेलात कालवलेल्या रंगाचा पातळ थर द्यावा. क्राउनला थोडा अडथळा देत पिनियन दोन्ही दिशांनी फिरवावा. जेथे दात भेटतात तेथील रंग पुसला जाऊन एक ठसा उमटतो. हाताने फिरवलेल्या नव्या जोडीचा चांगला ठसा दाताच्या माथ्यापासून मुळापर्यंतच्या उंचीत मध्यावर, पण लांबीत आतल्या, अरुंद टोकाकडे झुकलेला असतो. प्रत्यक्ष भाराखाली सगळे घटक किंचित वाकतात, ठसा बाहेरच्या टोकाकडे पसरतो आणि बहुतेक संपूर्ण दात कामाला लागतो. हात फिरवतानाच ठसा बाहेरच्या टोकाला असेल, तर भाराखाली तो काठावर जातो आणि दाताचा कोपरा उडतो.

ठसा चुकीचा पडला, तर त्याची जागाच उपाय सांगते. तो माथ्याकडे असेल, तर पिनियन पुरेसा आत गेलेला नाही. मुळाकडे असेल, तर जास्त आत गेला आहे. दोन्ही वेळी शिम बदलावे लागतात. उंची बरोबर, पण ठसा बाहेरच्या टोकाकडे असेल, तर क्राउन पिनियनच्या जवळ आणावा, म्हणजे मोकळीक कमी करावी. फारच आतल्या टोकाला असेल, तर थोडा दूर न्यावा. मात्र मोकळीक नेहमी दिलेल्या मर्यादेतच राहिली पाहिजे.

या कामाची खरी कसोटी अशी, की एक माप बदलले म्हणजे दुसरे हलते. पिनियन आत घेतला, की मोकळीक घटते. मग क्राउन दूर सरकवावा लागतो आणि त्याने ठसा पुन्हा हलतो. दोन-तीनदा उघडझाप केल्याशिवाय जोडी क्वचितच जुळते. हाच वेळ गॅरेजमध्ये सर्वांत आधी कापला जातो. उभ्या गाडीला फेरी मिळत नाही, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. एक-दोन ट्रकच्या मालकाची घाई समजण्यासारखी आहे. मिस्त्रीही मग क्राउन अंगठ्याने हलवून ‘बसला’ असे सांगतो. अनुभवी बोटांना पुष्कळ कळते, परंतु दाताचा ठसा कोठे पडला आहे, हे कोणत्याही बोटांना कळणे शक्य नाही.

घाटात काय होते?

चढावर क्राउनच्या दातांची बहिर्गोल बाजू भार घेते. उतारावर चालक पाय काढतो आणि इंजिन गाडीला रोखू लागते, तेव्हा भार अंतर्गोल बाजूवर येतो. बोरघाट किंवा कसारा घाट उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकचा वेग आवरण्याचे बरेच काम या दुसऱ्या बाजूचे दात करत असतात. एक्झॉस्ट ब्रेकचा रोधही याच दातांतून चाकापर्यंत पोहोचतो. म्हणून ठसा दोन्ही बाजूंनी तपासायचा असतो. अनेकदा फक्त ओढणारी बाजू पाहून काम संपवले जाते.

उतारावर दात तुटले, तर दोन शक्यता असतात. तुकडा अडकला, तर मागची चाके एकाएकी जखडू शकतात. दात साफ उडाले, तर गाडी गिअरमध्ये असूनही इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार आधीच तापलेल्या चाकांच्या ब्रेकवर पडतो. शिमच्या जाडीतील चुकीची किंमत अशा वेळी पैशांत मोजता येत नाही.

बंद करताना आणि त्यानंतर

टोप्यांचे बोल्ट आवळून नटांची कुलपे लावावीत. काही अ‍ॅक्सलांत क्राउनच्या पाठीमागे आधाराचा स्क्रू असतो. तो क्राउनला टेकवून मग पुस्तिकेनुसार मागे घ्यायचा, म्हणजे एरवी स्पर्श होत नाही आणि अतिभाराच्या वेळी क्राउनला आधार मिळतो. हौसिंगच्या आतील जुना गाळ पुसून काढावा. जुन्या जोडीचे कण नव्या बेअरिंगांचे शत्रू असतात. हवेचा नळ मोकळा करावा. तेल जीएल-५ दर्जाचे आणि कंपनीने सांगितलेल्या घट्टपणाचे, उदाहरणार्थ ८५ डब्ल्यू १४०, घ्यावे. गाडी सपाट जागेवर उभी करून ते पातळीच्या बुचाच्या खालच्या काठापर्यंत भरावे.

पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नव्या दातांचे पृष्ठभाग एकमेकांना सरावतात. या काळात पूर्ण भार, लांब चढ आणि सलग वेगवान धाव टाळावी. पहिल्या फेरीत मधूनमधून थांबून हौसिंगची उष्णता पाहावी. ते कोमट-गरम होणे स्वाभाविक आहे. पिनियनच्या बेअरिंगजवळ चटका बसण्याइतके तापले, तर पुढे न जाता प्रीलोड आणि तेल तपासावे. पहिले तेल लवकर बदलावे, कारण सुरुवातीच्या घर्षणाचे कण त्यातच असतात.

मालकाने काय मागावे?

गाडीमालकाने स्वतः गाडीखाली शिरण्याची अपेक्षा नाही. त्याने काम हाती घेणाऱ्या गॅरेजकडे पाच गोष्टी लेखी मागाव्यात : पिनियनच्या शिमची जुनी आणि नवी जाडी, पिनियनचा प्रीलोड, क्राउनचा डोल, चार ठिकाणची मोकळीक आणि दोन्ही बाजूंच्या ठशांचे छायाचित्र. हे आकडे त्या अ‍ॅक्सलच्या निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. या लेखातील आकडे कल्पना यावी म्हणून दिले आहेत. प्रत्येक अ‍ॅक्सलचे स्वतःचे आकडे असतात आणि प्रमाण तेच मानावेत. त्यासाठी लागणारी डायल गेज, मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि स्प्रिंगचा काटा ही साधने कोणत्याही मोठ्या शहराच्या हार्डवेअर बाजारात मिळतात. जे गॅरेज हे आकडे सहज देते, तेथे काम मोजून होते, असे समजायला हरकत नाही. जेथे प्रश्न विचारताच कपाळावर आठ्या पडतात, तेथे नवी जोडी उतरवण्यापूर्वी मालकाने दुसरे गॅरेज शोधावे.